मे ते ऑक्टोबर: बरगडी, कोपर आणि माझा डावा हात

मे 2024 चा शेवटचा आठवडा. नागपुरात पारा 45 च्या पुढे, आमचा ज्युदोचा क्लास बजाजनगरकडे एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसातला असतो, दोन कूलर चालू असूनही मॅट पायाला गरमच लागते. मी 36 वर्षांची, ब्राऊन बेल्ट, सीताबर्डीला ऑफिस, घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. आठवड्यातले चार दिवस हा दीड तास माझा असतो, तो मी खूप भांडून मिळवलेला आहे म्हणून सोडायला जीव होत नाही, हे आधीच सांगते कारण पुढे मी ज्या चुका केल्या त्या यातूनच झाल्या.

त्या दिवशी रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, समोर 80 किलोचा मुलगा होता, मी 61. त्यानं सोतो-माकिकोमी मारला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात टाकणारा तुमचा हात काखेत गुंडाळून घेतो आणि स्वतःच फिरत खाली जातो, तुम्ही त्याच्यासोबत ओढले जाता आणि शेवटी तो तुमच्या छातीवर येऊन पडतो. फॉल मी बरोबर घेतला होता, हात पण मॅटवर नीट आपटला होता, पण 80 किलो उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांवर आले आणि श्वास एकदम बंद. दोन मिनिटांनी उठले, पाणी प्यायले, आणि पुढची बाउट पण खेळले. त्या वेळी एवढं काही वाटलंच नाही. घरी जाऊन रात्री कूस बदलायला गेले तेव्हा कळलं, अंधारात मी अशी ओरडली की मुलगा उठून बसला.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. एक्सरे काढला, त्यात फ्रॅक्चर दिसलं नाही. मुका मार आहे म्हणाले, छातीला आवळून बांधायचा एक रुंद इलॅस्टिकचा पट्टा दिला, पेनकिलर दिली, तीन आठवडे पडून राहा म्हणाले. पट्टा बांधला की खरंच बरं वाटायचं, म्हणून मी तो दिवसरात्र बांधून ठेवला. चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला, अंगात बारीक कणकण. बरगडी दुखून राहिली असताना खोकला म्हणजे काय असतं ते ज्याला झालं त्यालाच माहीत, प्रत्येक खोकल्याला वाटायचं की आतून कोणी सुरी फिरवून राहिलं.

मग क्लासमधल्या एका ताईच्या ओळखीनं धंतोलीला एका ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे गेले आणि तिथं पहिल्यांदा कोणी मला बसवून समजावून सांगितलं. ते थोडं विस्तारानं लिहिते कारण हे मला पहिल्याच दिवशी माहीत असायला पाहिजे होतं.

बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. वरच्या 7 सरळ छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, आठवी, नववी, दहावी या समोरून कूर्चेनं एकमेकींना जोडलेल्या, आणि अकरावी-बारावी समोरून सुट्ट्याच. मला जिथं लागलं होतं ती आठवी-नववीची जागा, जिथं हाड संपून कूर्चा सुरू होते. कूर्चा एक्सरेत दिसत नाही. आणि हाडाला बारीक चीर असली, ती सरकलेली नसली, तर ती पण बरेचदा एक्सरेत येत नाही. म्हणजे एक्सरे साफ आहे याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. त्यांनी बोटानं एकेक बरगडी दाबत दाबत बरोबर त्या बिंदूवर आणलं आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. ते म्हणाले, चीर असो की कूर्चेची जखम असो, उपचारात फार फरक नाही, हाडाला साधारण सहा आठवडे धरून चाला आणि कूर्चेला त्याहून जास्त, कारण कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो.

पट्टा त्यांनी लगेच काढायला लावला. बांधून ठेवलं की दुखत नाही कारण छाती फुगतच नाही, आणि छाती फुगली नाही की फुफ्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, तिथं कफ साठतो आणि मग निमोनिया व्हायची भीती. माझं नशीब की माझं प्रकरण खोकल्यावरच थांबलं होतं. त्यांनी छाती तपासली, तीन बॉलवाला तो श्वासाचा प्लास्टिकचा डबा घ्यायला सांगितला, तासातासाला दहा वेळा ओढायचा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, त्या दुखणं सहन होत नाही म्हणून नाही तर खोल श्वास घेता यावा म्हणून घ्यायच्या, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. धाप लागली, खोकल्यात रक्त दिसलं, ताप चढला किंवा पोटात दुखायला लागलं तर फोन करायचा नाही, सरळ दवाखान्यात यायचं. उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांच्या मागे लिव्हर असतं आणि डाव्या बाजूला प्लीहा, म्हणून खालच्या बरगडीचा मार हलक्यात घ्यायचा नाही.

रक्त पण तपासलं तर व्हिटॅमिन डी 11 निघालं, 20 च्या खाली म्हणजे कमी धरतात. आमच्या नागपूरच्या उन्हात राहून! पण आम्ही बाया घराबाहेर निघतो ते तोंडाला दुपट्टा, हातात कोपरापर्यंतचे मोजे घालूनच, ऊन अंगाला लागतं कुठं. त्याच्या पण गोळ्या सुरू झाल्या.

बायांनी लक्षात ठेवा अशी एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. ब्राचा पट्टा बरोबर त्याच बरगडीवर बसतो. पहिले तीन आठवडे मी सैल स्पोर्ट्स स्लिपवर वरून ओढणी घेऊन ऑफिसला जात होते. आणि झोपायचं म्हणाल तर पलंगाला तीन उशा टेकवून अर्धं बसून. उठताना पोटावर जोर द्यायचा नाही, न दुखणाऱ्या कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातानं ढकलून बसायचं. एवढं शिकायला मला आठवडा लागला.

क्लास सोडला नाही. आमचे सर म्हणाले, "येत जा, बस, बघ." पहिले दोन आठवडे मी खरंच फक्त मॅटच्या कडेला बसून पाहिलं आणि मला कबूल करायला पाहिजे की सहा वर्षांत मी इतकं लक्ष देऊन कधीच पाहिलं नव्हतं. कोण कोणाची बाही आधी पकडतो, पकड सुटली की कोण एक पाऊल मागे जातो, कोण थकला की डावा पाय जड पडतो. सकाळी साडेपाचला ऊन चढायच्या आधी अंबाझरीला चालायला जायचं, आधी वीस मिनिटं, मग चाळीस, बोलता येईल इतक्याच वेगानं. तिसऱ्या आठवड्यात भिंतीला टेकून बसणं, हळू उठबशा, आणि मॅटवर एकटीनं पावलं टाकणं. ताई-साबाकी म्हणजे अंग फिरवायची पावलं, पण मी धड न पिळता नुसती पायांनी. चौथ्या आठवड्यात सरांनी उचिकोमी, म्हणजे समोरच्याला न टाकता एकच डाव परत परत करायचा सराव, करू दिली, ती पण फक्त पाय झाडायच्या टेक्निकची, दे-आशी-बाराई, ज्यात वेळ साधायची असते, पाठीत वाकायचं नसतं.

इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. मग मी घाई केली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेल्टची परीक्षा होती, ब्लॅक बेल्टसाठीची. पाच आठवडे झाले होते. शिंक आली तरी दुखत नव्हतं, खोकला नव्हता, स्कूटीवर खड्डा आला तरी कळत नव्हतं, आणि मी स्वतःच ठरवून टाकलं की झालं बरं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की परत रांदोरी खेळायच्या आधी येऊन दाखवा. मी गेले नाही. सरांनी विचारलं, "सत्तर टक्के तरी आहे का?" मी म्हटलं, "नव्वद आहे सर." खोटं बोलले. उजवीकडे धड पिळलं की आत एक टोचणी होती, दुखत्या कुशीवर पूर्ण वजन टाकून झोपता येत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

त्या दिवशी ने-वाझामध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खेळात, समोर आमच्या क्लासमधली कॉलेजची मुलगी होती, माझी आवडती पार्टनर. तिनं जुजी-गतामे लावला. तुमचा हात तिच्या दोन मांड्यांच्या मध्ये, मनगट तिच्या छातीशी, आणि ती कंबर वर उचलते की कोपर उलट्या दिशेला जायला लागतं. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्यावरचे लॉक फक्त कोपरावरच चालतात, बाकी कुठल्याच सांध्यावर नाही, म्हणून आम्ही सगळे हाच लॉक हजारदा करतो आणि यातून सुटायचं पण हजारदा करतो. सुटायचं म्हणजे दोन्ही हात एकमेकांत अडकवून धरायचे आणि लगेच तिच्या दिशेनं अंग पिळून गुडघ्यांवर यायचं. मी हात अडकवले. पिळायला गेले, आणि बरगडीनं तिथंच श्वास धरला. अर्धा सेकंद. तेवढ्यात हातांची पकड सुटली आणि उजवा हात एका झटक्यात सरळ होऊन त्याच्याही पुढे गेला. टॅप करायला, म्हणजे थोपटून हार मानायला, डावा हात मोकळा व्हायला पाहिजे ना, तो अजून हवेतच होता. तोंडानं "माइत्ता", म्हणजे हरले, म्हणायला श्वास नव्हता. कट् असा आवाज आला, तिनं पण ऐकला, तिनं लगेच सोडलं.

ती मुलगी रडून राहिली होती. मी तिला तेव्हाही सांगितलं आणि आत्ताही सांगते की तिची काही चूक नव्हती, तिनं नियमानं लावला, हळू लावला, मी ज्या अवस्थेत मॅटवर उभी होते ते तिला सांगितलंच नव्हतं. बरगडी आणि कोपर या दोन वेगळ्या दुखापती नाहीत असं मी तेव्हापासून मानते. बरगडीचीच दुखापत कोपरापर्यंत गेली, आणि ती माझ्या गप्प राहण्यानं गेली.

कोपर रात्रीतून सुजलं. आतल्या बाजूला, जिथं मनगट वाकवणारे स्नायू सुरू होतात तिथं निळं-काळं. हात ना पूर्ण सरळ होई ना पूर्ण वाकून खांद्याला लागे. यावेळी सरळ धंतोलीला. डॉक्टरांनी आधी दोन्ही हात समोर धरून सरळ करायला लावले, डावा झाला, उजवा नाही. हात पूर्ण सरळ होत असला तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी, होत नसला तर एक्सरे पाहिजेच, असं त्यांनी सांगितलं. हाड शाबूत निघालं. मग करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येतात का विचारलं, कारण तिथूनच कोपराच्या आतल्या बाजूनं नस जाते. येत नव्हत्या. एमआरआयमध्ये आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलेलं दिसलं. ऑपरेशन नाही. थोडे दिवस बिजागरीवाला ब्रेस, आणि लगेच हलवायला सुरुवात, कारण कोपर हा सांधा पटकन जाम होतो, प्लास्टर घालून महिनाभर ठेवला तर नंतर सरळ करायलाच सहा महिने जातात.

आता मालिशचं सांगते. घरी आल्यावर आईचा वर्ध्याहून फोन, "तू तिकडं डॉक्टरच्या नादी नोको लागू, आपल्या इकडं एक हात बसवणारा हाय, दोन दिवस तेल लावून वढला का सरका होते." सासूबाई पण म्हणून राहिल्या होत्या की जाऊन तर या. माझ्या मोठ्या मामांचा हात लहानपणी बोरीच्या झाडावरून पडून दुखावला होता, त्यांना असंच रोज तेल लावून ओढून ओढून "सरळ" केलं आणि तो हात काटकोनातच अडकला, आज साठीला आले तरी त्यांना त्या हातानं घास तोंडापर्यंत नेता येत नाही. मी लहानपणापासून ते पाहिलं पण कारण मला यावर्षी कळलं. फिजिओताई म्हणाल्या, दुखावलेल्या कोपराला जोरात रगडलं किंवा दुसऱ्यानं धरून ओढलं तर स्नायूच्या आत हाड तयार व्हायला लागतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला, आणि कोपर हा सांधा त्यासाठी बदनाम आहे. कोपराला मालिश नाही, शेक देऊन ओढणं नाही, जेवढं हलवायचं तेवढं स्वतःच्या ताकदीनं हलवायचं. मी आईला मामांचं उदाहरण देऊन समजावलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माय वं, मंग त्याचा हात आमीच बिघडवला का?" मला काय बोलावं कळलंच नाही. तेव्हा कोणाला माहीत होतं, असंच म्हटलं मी.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, मुलगा झाडावरून, सायकलवरून पडू दे की मॅटवर पडू दे, कोपराला तेल लावून कोणाला ओढू देऊ नका.

फिजिओ आठवड्यातून तीन दिवस, एका वेळचे 400 रुपये. ताई प्रत्येक वेळी कोनमापकासारखं एक साधन लावून कोपर किती सरळ होतं ते मोजायच्या आणि मी वहीत लिहायची. पहिल्या दिवशी 35 अंश कमी. मग 28, 28, 22. एक आठवडा काहीच हललं नाही, त्या आठवड्यात मी फार खचले. मग 15, मग 10. व्यायाम दिसायला एकदम साधे. सुरुवातीला मूठ हळू आवळायची आणि सोडायची, मनगट न हलवता नुसता जोर लावायचा. मग मनगट वर उचलायचं दुसऱ्या हातानं आणि खाली सोडायचं दुखऱ्या हातानं, हळू, पाच मोजत. हातोडी उभी धरून तळवा वर-खाली फिरवायचा असा एक होता, आमच्या घरी हातोडी फार जड होती म्हणून मी लाटणं एका टोकाला धरून केलं आणि ताई म्हणाल्या हे तर उत्तमच आहे. कणीक मळायला मात्र दीड महिना बंदी, ते काम नवऱ्यानं घेतलं आणि अजून त्याच्याकडेच आहे. स्कूटीचा ॲक्सिलेटर उजव्या हातात, म्हणून सुभाष नगरहून मेट्रोनं सीताबर्डी. केस स्वतः बांधता येत नव्हते तर सासूबाई रोज सकाळी वेणी घालून द्यायच्या, मी समोर पाटावर बसून डाव्या हातानं चमच्यानं पोहे खायची. लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्ही दोघी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

आणि क्लास? यावेळी मी सरांना सगळं सांगितलं, बरगडीचं खोटं पण सांगितलं. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "परीक्षा पुढच्या वर्षी. आता तुझा डावा हात बनवू." दुसऱ्या दिवसापासून माझा उजवा हात पट्ट्यात, म्हणजे ज्युदोच्या बेल्टमध्येच खोचून, डाव्या पकडीचा सराव सुरू झाला. मी सहा वर्षं उजवी खेळलेली. डावीकडून पाऊलच पडेना, सुरुवातीचे दिवस तर असे की नवीन आलेली दहा वर्षांची पोरं माझ्यापेक्षा बरी वाटायची. एका हाताची पकड, त्यानं तोल बिघडवायचा आणि को-उची-गारीनं पाय आतून काढायचा. फक्त उभ्यानं, पार्टनर हलणारा पण न टाकणारा. फॉल फक्त डाव्या बाजूला. कितीही तोल गेला तरी हात जमिनीवर टेकवायचा नाही, हे सर रोज क्लासच्या आधी माझ्याकडून म्हणून घ्यायचे.

फिजिओताईंनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. एका हातानं व्यायाम केला तर दुसऱ्या, बांधून ठेवलेल्या हाताची ताकद पण काही प्रमाणात टिकते, कारण ताकद नुसती स्नायूत नसते, मेंदूकडून येणाऱ्या हुकुमात पण असते. 1894 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात हे पहिल्यांदा मोजलं गेलं होतं. म्हणजे मी डावीकडे जी मेहनत करून राहिले होते ती उजव्याच्या पण कामी येणार होती. ब्रेस निघाला तेव्हा माझा उजवा दंड बारीक झाला होता, पण मला वाटली होती तेवढी ताकद गेली नव्हती.

बुधवार-शनिवार सरांनी मला लहान पोरांची उकेमी दिली, म्हणजे पडायचं कसं ते शिकवायचं. हनुवटी छातीशी, हात अंगापासून साधारण 45 अंशांवर, तळव्यापासून पूर्ण हात आपटायचा, कोपर टेकवायचं नाही. पोरांना मी माझा सुजलेला हात दाखवायचे. बावीस पोरांतल्या एकानंही त्यानंतर कधी पडताना हात मागे टेकवला नाही.

दुखणं किती चालवून घ्यायचं हा सगळ्यात कठीण प्रश्न. ताईंनी मला एक माप दिलं होतं, शून्य ते दहामध्ये सरावाच्या वेळी तीनच्या वर जायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखायला नको. सकाळी जास्त दुखलं तर कालचं जास्त झालं, आज कमी. मी रोज रात्री आणि सकाळी आकडा लिहायची. वहीमुळे मला स्वतःशी खोटं बोलता आलं नाही. पहिल्या वेळी वही असती तर बरगडीच्या पुढं चार-चार लिहिलेलं मलाच दिसलं असतं.

या काळात ओळखीच्या एकानं मला 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा व्हिडिओ पाठवला. जपानचा यासुहिरो यामाशिता, उजव्या पोटरीचा स्नायू आधीच्या लढतीत फाटलेला, लंगडत फायनलला येतो आणि इजिप्तच्या मोहम्मद रशवानला खाली दाबून धरून गोल्ड जिंकतो. पाहून अंगावर काटा येतोच. पाठवणाऱ्यानं खाली लिहिलं होतं, "हे असतं फायटर." मी खूप विचार केला यावर. ती ऑलिंपिकची फायनल होती, त्यासाठी त्या माणसानं 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवरच्या जपानच्या बहिष्कारामुळे चार वर्षं जास्त वाट पाहिली होती, आणि त्याच्या समोर उद्याचा दिवस नव्हता. मला उद्या सकाळी मेट्रो पकडायची असते, मुलाचा डबा भरायचा असतो आणि पन्नाशीला पण मॅटवर उभं राहायचं असतं. त्याचा तो दिवस थोर आहे, पण आमच्यासारख्यांना मंगळवारच्या सरावाला तो दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

2 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली तूलिका मान क्युबाच्या इदालिस ऑर्टिझसमोर पहिल्याच लढतीत हरली, तेव्हा मी ब्रेस लावून मोबाईलवर पाहून राहिले होते. अर्ध्या मिनिटात संपलं सगळं. बर्मिंगहॅमला 2022 मध्ये कॉमनवेल्थचं सिल्व्हर आणलेली मुलगी. फार वाईट वाटलं, आणि ऑर्टिझ किती शांतपणे पकड घेते ते मी तीनदा परत पाहिलं.

3 सप्टेंबरला पोळ्याचा दुसरा दिवस, मारबत. दरवर्षी आम्ही महालात जातो, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, भेटतात ते पाहायला, पण त्या गर्दीत कोपराला धक्का लागला तर दोन महिने पाण्यात, म्हणून मी घरीच थांबले. नवरा आणि मुलगा गेले. परत आल्यावर मुलानं माझा उजवा हात धरला, कोपरावरून हात फिरवला आणि तिथं ऐकून आला होता तेच जोरात म्हटलं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" त्या दिवशी वहीत कोपराचा आकडा होता 5 अंश कमी.

दोनच दिवसांनी पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारनं ब्राँझ जिंकलं, ज्युदोतलं भारताचं पहिलं. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा मुलगा, दिसत नाही. दृष्टिहीनांच्या ज्युदोत लढत सुरूच होते ती दोघांनी एकमेकांची पकड घेतलेली असताना. आमच्या क्लासमध्ये दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना डोळे बांधून तसं उभं केलं. मी डाव्या पकडीनं उभी राहिले आणि पहिल्यांदा मला समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हातातून कळलं, बघून नाही. दोन महिने एका हातानं जे करून राहिले होते ते काय होतं ते त्या दहा मिनिटांत समजलं.

सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरांना दाखवलं. यावेळी दाखवल्याशिवाय नाही. त्यांनी बरगडीवर दाबलं, दोन्हीकडे पिळायला लावलं, उजव्या कुशीवर झोपवलं, मग कोपराला बाजूनं ताण देऊन पाहिला. 2 अंश कमी होतं, ते तसंच राहू शकतं म्हणाले, खेळायला हरकत नाही. पहिला महिना कोपर थोडं वाकलेलं ठेवून टेप मारायची, म्हणजे पूर्ण सरळ व्हायच्या आधी टेप अडवते. आमच्याकडे घामानं टेप अर्ध्या तासात सुटते म्हणून आधी त्वचा स्पिरिटनं पुसून कोरडी करायची आणि वरून एक पातळ बँडेज, हे मी स्वतः करून शोधलं.

जमिनीवरच्या खेळात आता मी सुरू करायच्या आधी समोरच्याला सांगते, उजवं कोपर, उजवी बरगडी. रोज सांगते, कालच सांगितलं असलं तरी. आणि जुजी-गतामे लागायला लागला, हात सुटला असं वाटलं, की सरळ होण्याच्या आधीच टॅप. मुलं म्हणतात, "ताई अजून लागलाच नव्हता." मी म्हणते, हो, चल परत.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सरांनी मला उजव्या बाजूला टाकलं. चार महिन्यांहून जास्त झाले होते त्या बाजूला पडून. आधी मी गुडघ्यावर बसून स्वतःच पडले, मग वाकून, मग उभ्यानं. मग सरांनी बाही धरून हळूच खाली सोडलं, तीन वेळा. माझे हात थंड पडले होते, हे मी त्यांना सांगितलं. "मग थांबायचं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही, पण आता तिला बोलवा. कॉलेजची ती मुलगी आली, माझ्याइतकीच घाबरलेली. तिनं माझी बाही पकडली, दोनदा पाऊल टाकलं आणि तिसऱ्यांदा ओसोतो-गारी मारून मला पाठीवर टाकलं. मी उजवा हात आपटला, मॅटचा मोठा आवाज झाला, कूलरजवळची पोरं वळून बघायला लागली. मी तिथंच पडून एक लांब श्वास घेतला, पूर्ण, खालपर्यंत. मग उठले, ड्रेस नीट खोचला, बेल्ट आवळला आणि तिला म्हटलं, चल, आता तुझी पाळी, मी डावीकडून येऊन राहिले.